नऊ टनांचे यंत्र, तीन टनांचा पूल

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पूल व रस्ते विभाग.

विषय : आमचे नऊ टनी प्रेस यंत्र जुन्या पुलावरून एकदाच, फक्त जाण्यासाठी, नेऊ देण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे सहा अर्ज व आपले एकमेव उत्तर.

महोदय,

१. अर्जदाराचा नदीकाठी बोल्ट बनवण्याचा कारखाना आहे. वडिलांनी तो काढला तेव्हा पुलावर वीस टनांची पाटी होती. मग बारा झाली, मग सात, आणि गेल्या वर्षापासून तीन. प्रत्येक पाटीवर 'तात्पुरते' असे लिहिलेले असते. शेजारचे कारखानदार शहाणे. बाराची पाटी लागताच गाशा गुंडाळून गेले. आम्ही सरकारी पाटीवर विश्वास ठेवला. चूक आमचीच.

२. हल्ली आमचे अकरा कामगार मालाच्या पेट्या हातगाडीने पूल ओलांडून पलीकडच्या ट्रकमध्ये भरतात. निम्मा दिवस त्यातच जातो. म्हणून पलीकडे, शहराबाहेर, शेड घेतली आहे. एक तारखेला तिथे काम सुरू झाले नाही, तर हातातली शेवटची ऑर्डर जाईल आणि अकराही जण घरी बसतील.

३. यंत्र मात्र इकडेच अडकले आहे. दुसऱ्या, भुयारी रस्त्याने न्यावे, तर त्याची कमान इतकी बुटकी, की ट्रकसुद्धा जात नाही. आपण लेखी कळवलेत की, 'यंत्राचे वजन कमी करून पुन्हा अर्ज करावा.' एकतीस वर्षे त्या यंत्रावर काम करणाऱ्या आमच्या मिस्त्रींना हे वाचून दाखवले. चार दिवस उपाशी ठेवून बघू का, असे त्यांनी विचारले आहे. कृपया मार्गदर्शन व्हावे.

४. आपले तपासणी अधिकारी आले ते गाडी पलीकडे ठेवून, कठडा धरून, चालत. पूल 'समाधानकारक' असा शेरा मारून तसेच चालत परत गेले. याच पुलाच्या दुरुस्तीसाठी आपण मागवलेले चारशे बोल्ट दोन वर्षे आमच्याकडे तयार पडून आहेत. आपला ट्रक येतो, ड्रायव्हर पाटी वाचतो, परत जातो. हातगाडीने पोचवतो म्हटले, तर निविदेत 'कारखान्याच्या दारातून ट्रकने' असे आहे म्हणे!

५. तरी ते बोल्ट नेऊन पूल धड करावा, नाहीतर यंत्राला एकदा जाऊ द्यावे. दोन्ही जमत नसेल, तर अकरा जणांना मी काय तोंड दाखवू, तेवढे तरी कळवावे.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
बोल्ट कारखानदार

दिनांक : २२ (महिनाअखेरीस नऊ दिवस बाकी)

सोबत :
(१) आपल्या उत्तराची प्रत.
(२) अकरा कामगारांच्या सह्या.
(३) बोल्ट, नग एक. सोमवारी पुलाखालून जाताना मिस्त्रींच्या पुढ्यात पडला. बोल्टच्या डोक्यावर माझ्या वडिलांचा शिक्का आहे. बोल्टला काही झालेले नाही. ज्यात तो बसवला होता, ते पुलाचे लोखंड गंजून गेले आहे. पोच मिळावी.