गुंडूआप्पांचे डोळे

९ फेब्रुवारी, निपाणी
आले एकदाची! बेळगावची बस उशिरा सुटली, तरी मन प्रसन्न. रवळूआण्णांच्या फोटो स्टुडिओत नोकरी, वर माडीवर राहायला खोली, समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळताहेत. गावभर तंबाखूचा वास. आण्णा म्हणाले, आठ दिवसांत कळेनासा होईल. काम माझ्या आवडीचं: गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे फोटो करायचे. लग्नाच्या घोळक्यातून चेहरा उचलायचा, कॉम्प्युटरवर फेटा चढवायचा, मागे निळं आकाश. काहींचा एकमेव फोटो मेल्यावर मोबाइलवर काढलेला असतो. त्यांचे डोळे मी उघडायचे.

१४ फेब्रुवारी
बोरगावचा युवराज वडिलांचा असाच फोटो घेऊन आला. गुंडूआप्पा महिनाभर खंगत खंगत गेले म्हणे. कुणाचेच डोळे त्या चेहऱ्यावर बसेनात. शेवटी माझ्याच डोळ्यांचा फोटो काढला, भोवती सुरकुत्या घातल्या, भुवया पांढऱ्या केल्या. अगदी फिट्ट बसले.
फ्रेम न्यायला आप्पांची बायको जयाबाई आली. बघताक्षणी रडायलाच लागली. "माज्याकडंच बघालेत की गं! असंच बघायचे." मला ओशाळल्यासारखं झालं. ती गेल्यावर आण्णा म्हणाले, फोटो निम्मा आपण करतो, निम्मा बघणारा.

१९ फेब्रुवारी
विचित्रच. तोंड धुताना साबण लागला म्हणून डोळे मिटले, तर अंधाराऐवजी एक खोली दिसली. उंचावरून, काचेतून पाहिल्यासारखी. टीव्ही, जोंधळ्याची पोती, खाली लसूण सोलत बसलेली जयाबाई. कडेला झेंडूची पिवळी झालर. डोळे उघडले, संपलं. ताण असेल.

२१ फेब्रुवारी
फ्रेम नीट बसली का बघायच्या निमित्ताने बोरगावला गेले. तीच खोली. तीच पोती. झेंडूचा हार फोटोला. जयाबाईने आग्रहाने चहा दिला. कप तसाच ठेवून निघाले. परत येऊन कॉम्प्युटरवरचा फोटो पुसून टाकला. डोळे मिटले. खोली तशीच.

२४ फेब्रुवारी
डोळे मिटले की ते घर. आज दुपारी युवराजने पुडीतली पांढरी भुकटी आईच्या ताकात ढवळली. ती पिईपर्यंत शेजारी बसला, तिच्या पाठीवरून हात फिरवत. आप्पाही महिनाभर खंगत — तेही असंच?

२६ फेब्रुवारी
जयाबाई भिंतीला धरून चालते. आण्णांना सांगितलं, तर म्हणाले डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सरळ बोरगाव गाठलं. जयाबाईचा हात धरून सगळं सांगितलं. तिने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "पोटचं पोर हाय गं त्ये माजं."
दारात युवराज. कधी आला होता कोण जाणे. शांतपणे त्याने विचारलं, "कुठनं बघितलीस तू?"
 माझी नजर फोटोकडे गेली. गेलीच. त्याने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा फोटोकडे.
पळत सुटले.

२७, सकाळ
पोलिसांना फोन केला. तेही विचारतात, कुठून पाहिलंत.
जयाबाई अंथरुणावर. ताकाचा पेला उशाशी.

२७, दुपार
खोली हलली. आता छत दिसतंय. फोटो उतरवला त्याने — मांडीवर घेतलाय. त्याचा चेहरा अगदी जवळ. काच काढतोय.
डोळे ताणून लिहितेय. पाणी वाहतंय. मिटायचे नाहीत.

मिटले. क्षणभरच. त्याच्या हातात उदबत्ती. पेटलेली. मागून जयाबाई त्याचा दंड ओढतेय, तो झिडकारतोय —

आता उघडे आहेत तरी दिसतंय. वहीच्या ओळींवर त्याची बोटं. लाल ठिणगी. डाव्या —

डावीकडचं पान दिसत नाही. आण्णांना हाक मारली. जिन्यावर पावलं वाजताहेत. लवकर या, आण्णा, तो आता उजव्