हाताचं सोंग

३ मार्च, सोमवार
हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट! समताला लग्नाची पत्रिका त्यातच हवी. बाप अमडापुरात पस्तीस वर्षं पेंटर, आणि पोरगी चिखलीच्या प्रेसमध्ये कॉम्प्युटरच्या अक्षराला भुलून आली. मोबाईलवर दाखवला. अक्षरं ढिली, शिरोरेषा खालीवर, वेलांटीला तर निम्म्यातच झोप लागलेली. म्हणे, आपुलकी वाटते!

आम्ही पाट्या रंगवताना दोरीला खडू लावून रेघ मारायचो, श्वास धरून शिरोरेषा ओढायचो. कशासाठी? अक्षर सरळ यावं म्हणून. आणि हा मुद्दाम वाकडा! धडधाकट माणसाने लंगडायचं सोंग करावं, तसा.

५ मार्च
खामगावला गेलो होतो. तोच फॉन्ट दोनदा दिसला — एकदा चहाच्या टपरीवर, एकदा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. मेलेल्या माणसाचं नावही नाचत नाचत! लाज नाही.

९ मार्च, रविवार
सांगून टाकलं — पत्रिका मी लिहिणार. समताची आई महामाया बोललीच, "काऊन हट्ट करता? पोरीचं लगन हाय, दुकानाची पाटी नाही." हिला अक्षरातलं काय कळतं?

दुपारभर बसलो. 'मंगल परिणय'पासून स्थळापर्यंत सगळं काळ्या शाईत. चार कागद फाडले. शाईच हल्ली पातळ येते. पाचवा समताकडे दिला, ती प्रेसवाल्या जयमालाकडे पोचवेल.

१६ मार्च, रविवार
जयमालाने दोन नमुने छापून पाठवले. एक माझ्या अक्षरातला, एक फॉन्टचा. मुलाकडची मंडळी बसलेली होती. समताने दोन्ही पुढ्यात ठेवले.

मला चेव आला. डावीकडचा उचलून सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, याला म्हणतात सोंग. हात किती थरथरवलाय मुद्दाम! 'म'ला पोट नाही, शिरोरेषा तर बैल मुतत गेल्यासारखी. माझ्या दुकानात असं कोणी लिहिलं असतं तर हातातला ब्रश हिसकावून घेतला असता. व्याही पोट धरून हसले. समता नमुने उचलून आत गेली.

मागोमाग गेलो. म्हटलं, आता तरी पटलं?

"बाबा, तो तुमचा हाय."

१७ मार्च
सकाळीच जयमालाला फोन केला — फॉन्टचीच छाप. मग समताला विचारलं, तुला हे कधीपासून माहीत? खाली बघत म्हणाली, "गेल्या बुद्धपौर्णिमेले तुमी विहाराची पाटी रंगवली, तवापासून. तुमच्या हाताची थरथर लोकायले दिसू नये म्हणून तर फॉन्ट धरून बसली होती मी."