हवालदाराचा ताबा

मी, शेवटी सही करणारा, वय सेहेचाळीस, चष्म्याच्या दुकानाचा निम्मा मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शेवटचा मुद्दा तपासून घ्यावा लागेल. सासूबाई समोर बसल्या आहेत आणि मी लिहितो ते उलट्या बाजूने वाचत आहेत. तेव्हा "फारशा दडपणाखाली न येता" असे वाचावे.

मला कोणताही आजार नाही. आमचा कुत्रा, हवालदार, दोन वर्षांपूर्वी आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणला. त्याआधी दोन घरांनी त्याला नेऊन परत केले होते. दत्तक घेण्याच्या अर्जात एक रकाना होता: आपल्या पश्चात या प्राण्याला कोण सांभाळेल? विचार न करता नाव लिहिणे मला पटेना, म्हणून तो रिकामा ठेवला. विचार अजून चालू आहे. उद्या निवाऱ्याच्या बाई घर पाहायला येणार आहेत. फोनवर म्हणाल्या, "अहो, तिसऱ्यांदा परत आलेल्या कुत्र्याला कोणी हात लावत नाही. नाव लिहून ठेवा." त्या एका रकान्यासाठी हा खटाटोप. मृत्युपत्र करायचेच, तर बाकीचेही उरकून घेतो.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नी व लेक यांना, निम्मे निम्मे. यावर शेरा नाही.

२. भिंगे घासण्याचे यंत्र, चिमटे व स्क्रू-ड्रायव्हरचा संच दुकानातील भागीदाराला. त्यातला सर्वांत लहान स्क्रू-ड्रायव्हर तो "पाच मिनिटांत आणतो" म्हणून सहा वर्षांपूर्वी घेऊन गेला. तो आता कायद्यानेही त्याचा.

३. मेहुण्याला माझ्या चार चपला. चारही डाव्या पायाच्या आहेत. उजव्या हवालदाराने पहिल्या महिन्यात फस्त केल्या. हवालदार आला त्या दिवशी मेहुणा म्हणाला होता, "दुसऱ्यानं टाकलेला माल कोणी घरी आणतं का?" हा माल त्याने जरूर घरी न्यावा.

४. खालच्या मजल्यावरील गायकांना माझ्या कानात घालायच्या बोळ्यांची डबी. हवालदार भुंकतो अशी त्यांनी तीनदा लेखी तक्रार केली. तो फक्त त्यांच्या सरावाच्या वेळी भुंकतो. कोण कोणाला साथ करतो, हे मला प्रामाणिकपणे ठरवता आलेले नाही.

५. डायऱ्या लेकीला. एकोणीस वर्षांच्या एकोणीस होत्या, बारा उरल्या. त्यातील एका नोंदीची दुरुस्ती करतो.

हवालदार आल्यावर आठ दिवस शिलाई मशीनखाली राहिला. स्वयंपाकघरात कोणी नसेल तेव्हाच जेवायचा. नवव्या दिवशी सकाळी पाहतो तर माझ्या सात डायऱ्यांचा भुगा. मी संतापलो, पण संतापात काही केले असते तर बरे. मी शांतपणे बसून परत करण्याचा अर्ज भरला. कारण: "स्वभाव जुळला नाही." पत्नी व लेक शाळेत होत्या, एक शिकवायला, दुसरी शिकायला. सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी सोडायचे होते, म्हणून त्या मागच्या सीटवर, शेजारी हवालदार.

निवाऱ्याचे फाटक दिसले आणि हवालदार आपणहून उठला. ओढाताण नाही, कुरकुर नाही. सवयीचे काम असल्यासारखा गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मलाही तुमच्याकडे येऊन आठच महिने झालेत. माझा अर्ज कुठल्या खिशात आहे?"

मी गाडी वळवली. त्या दिवशीची नोंद अशी: "कुत्र्याला पशुवैद्याकडे नेले. प्रकृती उत्तम." एकोणीस वर्षांतील ही एकमेव खोटी नोंद, निदान मला आठवणारी. तो अर्ज त्याच पानात आहे.

६. टीव्हीचा रिमोट सासूबाईंना. तो आताही त्यांच्याकडेच आहे. त्या दिवसापासून त्यांना काही हवे असले की चारचौघांत एवढेच विचारतात, "पशुवैद्याकडे कधी जायचं हो?" एवढ्या एका वाक्यावर त्यांनी रिमोट, खिडकीजवळची जागा आणि माझी आरामखुर्ची मिळवली आहे.

७. हवालदार. हल्ली तो रोज संध्याकाळी गस्त घालतो. प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येकाच्या गुडघ्याला नाक लावतो. एक माणूस कमी भरला की दाराशी ठाण मांडतो. नाव त्यावरूनच पडले. म्हणून त्याचा ताबा याच घरात राहावा. लेक शिकायला बाहेर जाईल. पत्नी दिवसभर शाळेत. उरल्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, त्यांच्यावर हा भार टाकणे न्याय्य आहे का, की मी फक्त हिशेब चुकता करतो आहे?

एवढे लिहिले आणि समोरून आवाज आला, "चालेल. पण एक अट. पाचवं कलम आज जेवताना मोठ्यानं वाचायचं."

"मी गेल्यावर वाचतीलच की सगळे."

"तेव्हा तुमचं तोंड कसं झालं ते मला कसं दिसणार?"

पुरवणी, त्याच दिवशी, जेवणानंतर:

पाचवे कलम वाचले. मान वर केली. पत्नी म्हणाली, "अरे, आईनं गाडीतून उतरल्या उतरल्या फोन करून सांगितलं होतं मला."

"आणि मला आईनं," लेक म्हणाली. "बाबा, पाण्याचा जग सरकव ना इकडे."

मी सासूबाईंकडे वळलो. "मग दोन वर्षं माझा रिमोट?"

"तुम्ही इतक्या मनापासून देत होतात, मी कशाला मोडता घालू?"

याच वेळी गस्त टेबलाखाली आली. चार गुडघे तपासले गेले. माझा सर्वांत शेवटी. गणती पुरी भरली.

सबब, रिकाम्या रकान्यात सासूबाईंचे नाव लिहिले आहे, त्यांच्यानंतर लेकीचे. सहावे कलम रद्द करण्याची माझी सूचना तीन विरुद्ध एक अशी फेटाळली गेली. परत करण्याचा अर्ज फाडायला मी हात पुढे केला, तर सासूबाईंनी तो घडी घालून कनवटीला लावला.

"राहू दे माझ्याकडे."

"कशाला? कुत्रा आता कुठे जात नाही."

"कुत्र्यासाठी कोण म्हणतंय?"

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: रविवार, निवाऱ्याच्या बाई येण्याची पूर्वसंध्या
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार (ज्यांना यातून काही मिळत नाही असे दोघेच सापडले):
१. समोरच्या दुकानातील शिंपीणबाई. सही.
२. पशुवैद्य. सही. शेरा: "त्या दिवशी हे गृहस्थ माझ्याकडे आले नव्हते. माणसाच्या शुद्धीबद्दल मत देण्याचा मला अधिकार नाही. कुत्र्याची प्रकृती उत्तम."