तीन पिशव्या आणि एक लाल दोरा

मी, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसायाने कापसाच्या नव्या वाणांचा पैदासकार, पूर्ण शुद्धीवर राहून स्वहस्ते लिहितो. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे. शल्यवैद्य फारच गोड बोलतात, म्हणून आजच लिहितो.

१. घर व शिल्लक पत्नीस. सोबत उपदेश नाही.

२. भिंग धाकट्या भावास. वीस वर्षे तो माझ्या कामाला ‘केसाळ पानांचा नाद’ म्हणाला; आता डोळ्याला लावून बघावे.

३. कपाटातल्या तीन पिशव्या, हीच माझी खरी इस्टेट. पानावर दाट लव असली की रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना बूड टेकता येत नाही. हा गुण आईबापांपैकी एकाकडून आला तरी पान लवदार दिसते. पण अशा झाडाच्या संततीत चारातले एक गुळगुळीत निघते आणि किडीच्या तोंडी जाते. एकही गुळगुळीत न निघणारे शुद्ध बी एकाच पिशवीत आहे. बाकी दोन्हींत भेसळ, आणि बी बघून कळत नाही.

शेजारच्या शेतात लवदार पाने दिसली तेव्हा मला सहायक बाईंचा संशय आला. परका पराग शिरू नये म्हणून अठरा वर्षे त्या रोज संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या दोऱ्याने बांधतात. चोराला चकवायला मी पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. चकवा ओळखला असेल म्हणून पुन्हा बदलल्या. सातव्या खेपेनंतर चकलो मीच. पेरून बघायला हंगाम लागतो. माझ्याकडे परवापर्यंतचा वेळ.

शेवटी बाईंपाशी कबूल केले.

“लाल दोऱ्याची पिशवी, सर. तुम्ही पहिल्यांदा चिठ्ठी बदललीत ना, त्याच दिवशी बांधला.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलंत कधी? आणि न्यायचंच असतं, तर चिठ्ठी वाचत बसले असते का मी?”

४. तिन्ही पिशव्या व कपाटाची किल्ली बाईंस. अट: फवारणी न करता पेरावे, तुडतुडे येऊ द्यावेत. लाल दोऱ्याच्या ओळीत एक जरी गुळगुळीत पान निघाले, तर माझा संशय खरा. न निघाल्यास वाणाला बाईंचे नाव द्यावे. ते निघणारच नाही अशी मला धास्ती आहे. ही अट गाळा, असे वकील म्हणाले. त्यांचाही मला संशय येतो.

साक्षीदार: भूलतज्ज्ञ (सही), शेजारच्या खाटेवरील घड्याळजी (सही)
स्थळ: रुग्णालय, खोली नऊ, खिडकीकडची खाट
तारीख: ११ जून

ता. क. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून बाईंची सही नाही. या मृत्युपत्राच्या पाकिटाचे तोंड मात्र त्याच बांधणार आहेत. दोरा लाल आहे. मी तपासला.