बिल्ल्यावरचं कुंकू

बोरीवली (पूर्व),
१८ नोव्हेंबर

चि. जान्हवीस,
आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

आमच्या गावात पहिली एस.टी. आली तेव्हा तिच्यापुढे जो नारळ फुटला, त्याचा आवाज आज पहाटेपासून कानात आहे. कातळावर फुटलेला नारळ तो. त्यामागोमाग ड्रायव्हरने रबरी भोंगा दाबला आणि शाळेची सगळी पोरं एकदम गप्प झाली. मी चौथीत होतो. गुरुजी आम्हाला चालीवर कविता शिकवत होते, ती अर्ध्यावर टाकून तेच आमच्या आधी पळाले. ती कविता मला अजून अर्धीच येते.

हे आताच का आठवलं ते सांगतो. दसऱ्याला राजेशने, तुझ्या बाबाने, नवी गाडी घेतली, तेव्हा शोरूमवाल्यांनी नारळ रबराच्या चटईवर फोडायला लावला. लादीला टवका जाऊ नये म्हणून. बद्द आवाज झाला. मला ते रुचलं नव्हतं, पण तुझी आजी खुशीत होती. तिथल्या क्षमा नावाच्या पोरीने कुंकवाचं ताट पुढे धरलं आणि आजीला सांगितलं, की स्वस्तिक अगदी मधोमध, पुढच्या जाळीवरच्या कंपनीच्या चकचकीत बिल्ल्यावर काढा, फोटोत उठून दिसेल. आजीने तेलात कुंकू कालवून काढलं. फोटो त्यांनीच चौकटीत घालून दिला.

तुला ठाऊक आहे, आपल्या इमारतीत कोणाकडे पाळणा येवो नाहीतर शिलाई मशीन, पहिलं बोट आजीचं लागतं. बायका वरच्या मजल्यावरून येऊन तिला घेऊन जातात. तिला त्याचा फार अभिमान, दाखवत नाही एवढंच.

गेल्या रविवारी आम्ही मढला तिच्या बहिणीकडे निघालो. वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीत उतरणं तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, म्हणून तर गाडी घेतली. मार्वे रोडला समोर कुत्रंसुद्धा नव्हतं आणि गाडीने आपल्या मनाने करकचून ब्रेक लावला. आजीच्या मांडीवरचा, बहिणीसाठी केलेल्या खापरोळ्यांचा डबा उडाला, नारळाचा रस पार काचेपर्यंत. पट्टे होते म्हणून कोणाला लागलं नाही. मागच्या रिक्षावाल्याने आमच्या कुळाची चौकशी केली. थोडं पुढे गेलो तर पुन्हा तेच. मग परत फिरलो. बहीण बिचारी दारात खुर्ची टाकून बसली होती म्हणे.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी राजेशला सांगितलं, की बिल्ल्यामागे गाडीचा डोळा असतो, रडार म्हणतात त्याला. समोर काही आलं की तो गाडीला थांबवतो. त्यावर तेल-कुंकू गेलंय, म्हणजे बिघाड बाहेरून आलेला, वॉरंटीत बसणार नाही, भाग स्वखर्चाने बदला. राजेशने घरी येऊन हे सगळं आजीच्या देखत ऐकवलं. नंतर पाहिलं तर फोटोचं तोंड भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या उत्तराकडे नवा फ्रीज आला, ती बोलवायला आली. आजी म्हणाली, माझो हातच वायट, दुसऱ्या कोणाचा लाव. मढचं नाव काढलं तर म्हणते, माका नको ती गाडी.

फोनवर बोललो असतो, पण तो स्पीकरवर असतो आणि ती शेजारी बसून ऐकते. तू ग्राहकांच्या तक्रारी चालवणाऱ्या वकीलबाईंकडे शिकतेस, तेव्हा मला एवढंच लिही, कुंकवाने गाडी बिघडते का. खर्चाचं राजेश बघेल. मला तिच्या हाताचं बघायचं आहे.

कान बांधून फिर. माया आहे तेवढी राहू दे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझा,
आजोबा


नागपूर,
२४ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
जान्हवीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नारळाच्या आवाजाला अख्खा परिच्छेद दिलात आणि गाडी कुठली, किती चालली, याला एक ओळ नाही. शेवटी बाबांना फोन करून विचारलं. आधी त्यांनाच झापलं. ते म्हणाले मी सहज बोलून गेलो. सहज बोललेलंच घरात सगळ्यात जास्त दिवस राहतं ना, आजोबा.

आता तुमचा प्रश्न. मी आमच्या मॅडमना विचारलं, त्या आधी खूप हसल्या आणि मग गंभीर झाल्या. वॉरंटी म्हणजे कंपनीचा शब्द, की बनवण्यात खोट निघाली तर ठरलेल्या मुदतीत किंवा ठरलेल्या किलोमीटरमध्ये, जे आधी संपेल तोवर, आम्ही फुकट दुरुस्त करू. ब्रेकचे पॅड, वायपरचं रबर, असं झिजणारं सहसा त्यात नसतं. टायर आणि बॅटरीसाठी त्यांच्या त्यांच्या कंपन्या असतात. आणि तुम्ही बाहेरून काही खराब केलंत तर तेही नाही. इथवर तो माणूस बरोबर बोलला.

पण कुंकू दिसलं म्हणजे बिघाड कुंकवानेच झाला, असं नुसतं म्हणून भागत नाही. ते पुसल्यावर गाडी नीट चालली का? बाबा म्हणतात, त्यांनी सर्व्हिस सेंटरमध्येच पुसलं आणि तरी गाडी त्यांच्याच आवारात थबकली. मग कारण दुसरं असू शकतं. कुंकवाचा आणि बिघाडाचा संबंध काय, हे त्यांच्याकडून लेखी मागा. तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. नाही दिलं तर कंपनीकडे, मग सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तरीही हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे जायला दोन वर्षांची मुदत असते. तोवर गाडी चालवू नका, ब्रेकचा खेळ नाही.

बाबा मला म्हणत होते नवी कोरी गाडीच मागू. तसं एका बिघाडावर मिळत नाही. आधी दुरुस्तीची संधी द्यावी लागते. तोच दोष पुन्हा पुन्हा निघाला आणि त्यांना जमलंच नाही, तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात.

आणि मुख्य म्हणजे पूजा त्यांच्याच शोरूममध्ये झाली, ताट त्यांचं, जागा त्यांनी दाखवली. तो फोटो जोडा. झकास पुरावा आहे.

आजीच्या हाताबद्दल कायद्यात काही नाही. ते तुम्हीच बघा.

जेवण वेळेवर घ्या, आणि मी इकडे आहे म्हणून लाड बंद करू नका.

आपली,
जानू


बोरीवली,
१ डिसेंबर

चि. जान्हवीस,
सप्रेम आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. नॅशनल पार्कातली माकडं झाकलेल्या गाडीच्या टपावर बसून शेंगा खातात. त्यांना वॉरंटीची फिकीर नाही.

तुझं पत्र राजेशला वाचायला दिलं. मग आम्ही दोघे सर्व्हिस सेंटरला गेलो, ते शोरूमच्या मागेच आहे. मी लेखी कारणाचं विचारल्यावर तो माणूस आत गेला आणि मॅनेजर बाहेर आले. त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं, की आमच्याकडे पूजा होते, पण बिल्ल्याला हात लावायला आम्ही कोणाला सांगत नाही.

मी फोटो नेला नव्हता. का, ते ऐक. निघण्याआधी काढायला गेलो तर आजी स्वयंपाकघरातून आली आणि चौकट माझ्या हातातून घेतली. फोटोत क्षमा आहे ना, ताट धरून, बोटाने बिल्ला दाखवते आहे. आजीचं म्हणणं, त्या पोरीच्या नोकरीवर येईल, तिने कौतुकानेच सांगितलं होतं, आपल्या गाडीपायी तिच्या पोटावर पाय नको. गुन्हा माझ्या हाताचा ठरला तर ठरू दे, म्हणाली. मी वाद घातला नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला कुठे हरवायचं नाही ते मला कळतं.

निघताना ती पोरगी पाण्याच्या कूलरपाशी भेटली. आजी का नाही आल्या, विचारू लागली. मी चतुराई केली नाही, जे होतं ते सांगितलं, की ती हल्ली कुंकवाला हात लावत नाही. पोरीचा पेला भरून सांडत राहिला.

आता फोटोशिवाय काही होईल का? नसेल तर स्पष्ट लिही.

ओढ ठेव.
आजोबा


नागपूर,
६ डिसेंबर

ती. आजोबांस सा. न.

आजीला माझा वेगळा नमस्कार सांगा, पण का ते सांगू नका.

फोटो राहू दे घरातच. पूजा होते हे मॅनेजर स्वतः मान्य करतायत, कोणाचं नाव लागत नाही. आपलं म्हणणं एकच, कंपनीच्या इंजिनिअरने तो भाग उघडून बघावा आणि काय दिसलं ते लिहून द्यावं. मी मसुदा बाबांना पाठवलाय, तो कंपनीला जाईल आणि हेल्पलाइनवरही नोंदवू. एक मात्र सांगा बाबांना, गाडी परत देतील तेव्हा मोकळ्या रस्त्यावर चालवून बघितल्याशिवाय समाधानाची सही करायची नाही. घाईत सही करून येण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

त्या अर्ध्या कवितेची चाल तरी म्हणून दाखवा मी आले की.

तुमची,
जानू


बोरीवली,
२१ डिसेंबर

चि. जान्हवीस,
आजोबांचे मनापासून आशीर्वाद.

गाडी आली. इंजिनिअर आला होता, माणूस शांत. त्याने आमच्यासमोर तो डोळा उघडला. आतल्या बाजूला ओल होती, काचेला दव धरतं तशी. कारखान्यातच झाकणाचं रबर नीट बसलं नव्हतं. कुंकू बाहेरच्या बाहेर होतं, आत कणभरही गेलं नव्हतं. भाग फुकट बदलला, तसं लिहून दिलं. राजेशने तुझं ऐकून आधी गोराईपर्यंत फेरी मारली, मग सही केली.

आणि एक. इंजिनिअर यायच्या आधीच क्षमाने मॅनेजरना स्वतः जाऊन सांगितलं होतं, की जागा तिने दाखवली. हे मॅनेजरनीच राजेशला सांगितलं, जरा ओशाळून. नोकरी शाबूत आहे. आता ते लोक बिल्ल्याऐवजी काचेच्या कोपऱ्यात कुंकू लावायला सांगतात.

राजेशने आजीसमोर बसून इंजिनिअरचं म्हणणं वाचून दाखवलं. मग मला वाटतं, आयुष्यात प्रथमच, चुकलो म्हणाला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकला. पण उत्तराच्या फ्रीजला अजून कुंकू नाही. मी विचारलं तर म्हणाली, यंत्राचं यंत्रवाल्यांना कळलं, हाताचं कोणी उघडून बघितलंय? फोटोही तसाच, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा बाळ, गाडी जिंकलो, बाकीचं राहिलं. मढला बहीण खुर्ची टाकून वाट बघते आहे.

तू आलीस की काही होईल, अशी आशा धरून आहे. तब्येत सांभाळ, आमच्यावरचं प्रेम असंच ऊबदार राहो.

तुझा,
आजोबा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तर बेल वाजली. आजीने दार उघडलं. क्षमा. अंगात शोरूमचा गणवेश नाही, डोक्यावर हेल्मेट तसंच. हातात नारळ आणि कुंकवाची डबी. खाली तिची स्कूटर उभी आहे, जुनीच घेतली आहे, पण तिच्या नावावरची पहिली गाडी. सरळ इकडेच आणली, म्हणते, आजींच्या आधी कोणाचं बोट लागू दिलं नाही.

आजी तिला आत बसायला सांगून मोरीत गेली. नळाचा आवाज येतो आहे, हात धुते आहे. गेटजवळची पायरी दगडी आहे, नारळ मी तिथेच फोडायला सांगणार.