हलका चेंडू

उंब्रज, सोमवार, दिवेलागणीला

कराडच्या मैदानावर आज काहीतरी लबाडी झाली, असंच वाटत होतं. माझी नात सई घरी परड्यात चेंडू मारते, तो भिंतीवरच्या खुणेला नेमका लागतो. तिथं मात्र प्रत्येक किक गोलपोस्टच्या वरून! तिचे फुटबॉलचे सर म्हणाले, "अंदाजच चुकतोय. असंच राहिलं तर रविवारी सांगलीच्या सामन्यात बाहेर बसवावं लागेल." मग तिच्या जागी खेळणार कोण? सरांची पुतणी! मी काय दुधखुळा आहे?

चेंडू उचलून पाहिला. हलका! लय हलका. विचारलं, "सर, ह्यात हवा तरी भरलीय का?"

सर हसले. "आवं आजोबा, चार नंबरचा हाय. बारा वर्षांच्या आतल्या पोरींना ह्योच असतोय."

पटलं नाही. घरी येऊन आमचा चेंडू पुसला. मातीखाली आकडा निघाला पाचाचा. मोठ्या माणसांचा चेंडू. म्हणजे... दुकानदार पोरीचं वय विचारत होता, आणि मीच म्हणालो होतो, वाढत्या अंगाची पोर आहे, एक नंबर मोठाच दे, दोन वर्षं जाईल. चपला घेतो तसा.

सई कोपऱ्यात रडत होती. तिला सांगितलं, तुझा पाय नाही, आजोबा चुकला; जड चेंडूच्या सवयीनं जोर लावतेस, म्हणून हलका वरून जातो. उद्याच चार नंबरचा आणतो, सरांशीही बोलतो. पुतणीचं मनात आलेलं मात्र सरांना कोणत्या तोंडानं सांगू?

पोरीनं डोळे पुसले. "व्हय? मग चपला बी मापाच्या आणा. पळताना निघत्यात."