निलगिरीच्या टोप्यांचे मावळे

३ मार्च, सोमवार
फिजिओथेरपीवाल्याला ह्यांनी पुन्हा दारातूनच परत पाठवलं. "हात आता असाच राहणार." अर्धांगाच्या झटक्यानंतर चालतात, बोलतात, उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. डॉक्टरांनी बजावलंय — या काही महिन्यांत वापरला नाही तर कायमचा गेला. मी फैलावर घेतलं. उपयोग शून्य.

५ मार्च
खालच्या मजल्यावरची आसावरी आली. रविवारी इथल्या घग्गर नदीच्या कोरड्या पात्रात वाळूशिल्पांचा मेळा — वाळू, दगड, पानं, काटक्या, एवढंच वापरायचं. आपलं महाराष्ट्र मंडळ दिवाळीसारखा किल्ला करणार. "काकांना आणा ना." ह्यांना न विचारता हो म्हटलं.

८ मार्च
"लोक हाताकडे बघतात."
"बघू देत. खुर्चीत बसायचं."
"कुठली खुर्ची?" म्हणजे येणार.

९ मार्च, रविवार
किल्ला देखणा झाला. मग आसावरीने पिशवीतून मावळे काढले — दर दिवाळीला पुण्याहून येतात ते, प्लास्टरचे, रंगवलेले. किल्ला म्हटला की मावळे. आम्हा एवढ्या शिकलेल्या बायकांपैकी एकीलाही नियम आठवला नाही! मेळ्याच्या परीक्षक सरदारीणबाई वाकून म्हणाल्या, "आंटी जी, फौज नेचुरल नहीं है." हशा. मावळे परत पिशवीत. आसावरीची लेक अवनी रडवेली — "बिना मावळों के कैसा किला?"

खुर्चीतून आवाज आला, "अवनी, त्या सफेद्याखाली जा, आपली निलगिरी गं. कळ्यांच्या टोप्या पडल्यात बारक्या. त्या आण आणि काटक्या आण."

काटकीवर टोपी बसवायची. डाव्या हाताने टोपी लावावी तर काटकी निसटे. "द्या इकडे," म्हणत मी पुढे झाले.

"शशिकला, तू तटबंदी बघ."

मी गेले. वळून पाहिलं तर काटकी उजव्या मुठीत. थरथरत होती, पण धरलेली होती.

"आजोबा, इसकी टोपी टेढ़ी है."
"लढून आलाय तो."

आसावरीचे उपकार कसे फेडू? आणि त्या सरदारीणबाईंचे — नियमाला धरून राहिल्या म्हणून.

१० मार्च
हात दुखतोय म्हणाले. ऐकून इतकं बरं वाटलं! तेल चोळून दिलं.

११ मार्च
अंघोळीनंतर मी ह्यांच्या शर्टाची बटणं लावायला गेले. म्हणाले, "तू चहा बघ." चहा पार निवल्यावर हे बाहेर आले. सगळी बटणं एकेक काज खाली लागलेली.
मी हात लावला नाही.